चार दिवसात पेपर छापून देतो म्हणणारं जर्नल, काय करू?

पीएचडीवाली: मेल आलाय, पैसे भरा नि चार दिवसात छापतो. गाईड म्हणतात पेपर पाठवून टाक, मला काही पटेना. लायब्ररीत असलं कुणी बघून देतं का?

जुना_रिसर्चर: चार दिवसात कसला डोंबलाचा पीअर रिव्ह्यू, म्हणजे त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून पेपर तपासणं! रेफरन्सच्या काउंटरवर जा, मेल दाखव, ते स्कोपसमध्ये, म्हणजे निवडक जर्नल्सच्या डेटाबेसमध्ये, ते जर्नल शोधतात, संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का तेही बघतात. नुसत्या आयएसएसएनवर जाऊ नकोस, तो जर्नलचा ओळख क्रमांक, दर्जाचा शिक्का नव्हे.

ग्रंथपाल_ताई: बाई, येऊन विचारत जा गं, आम्ही त्यासाठीच बसलोय! ऑर्किड आयडीपण काढून घे, संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, फुकट असतो. आणि सरकारी विद्यापीठात असशील तर वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्र सरकारच्या योजनेतून १ जानेवारी २०२५ पासून १३,००० च्या आसपास जर्नल्स वाचायला मिळतात, तरी पोरं पायरेटेड पीडीएफ शोधत बसतात..

पीएचडीवाली: गाईडना कसं सांगू पण?

जुना_रिसर्चर: स्कोपसचा स्क्रीनशॉट पुढे ठेव, बोलू नकोस काही.