कोट्याचा वाढदर: १०० लाखांवर ६ टक्के की ९० लाखांवर ८ टक्के?

प्रश्न
तयार कपड्यांच्या निर्यात कोट्याचा (आयात करणारा देश वर्षाला किती नग येऊ देणार त्या मर्यादेचा) पाच वर्षांचा करार. समोरच्यांचे दोन प्रस्ताव: मूळ कोटा १०० लाख नग आणि वार्षिक वाढ ६ टक्के, नाहीतर मूळ ९० लाख आणि वाढ ८ टक्के. दुसऱ्यात चक्रवाढीने तूट भरून निघेल ना?

उत्तर १
नाही निघत. पहिल्याच वर्षापासून वाढ धरली तर पाचव्या वर्षी पहिला पर्याय १३३.८ लाखांवर जातो, दुसरा १३२.२ वर. दुसरा पुढे जातो तो सहाव्या वर्षी, आणि तोवर करार संपलेला. पाच वर्षांची तूट मिळून २७ लाख नगांहून जास्त. आधी मूळ आकड्यावर भांडा, टक्क्यांवर नंतर. आणि ‘वाढ आदल्या वर्षीच्या कोट्यावर’ हे मसुद्यात स्पष्ट लिहून घ्या. ‘मूळ कोट्यावर’ असं लिहिलं गेलं तर ६ टक्क्यांचे १३० लाखच होतात.

उत्तर २
वाढीइतकीच लवचीकतेची कलमं महत्त्वाची. १९७४ च्या मल्टिफायबर कराराच्या (कापड-कपड्यांच्या कोट्यांचा जुना आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट ‘ब’मध्ये वाढ किमान ६ टक्के होती. शिवाय एका वर्गवारीतून दुसरीत वळवायला (स्विंग) साधारण ७ टक्के, आणि मागचा शिल्लक कोटा व पुढच्या वर्षाची उचल मिळून १० टक्के. त्यात उचल ५ पेक्षा जास्त नाही. उचल घेतली की तेवढी पुढच्या वर्षी वजा होते, हे कारखानदार हमखास विसरतात. ज्या वर्गवारीत कोटा निम्माही वापरला जात नाही, तिथली वाढ सोडून द्या, बदल्यात भरणाऱ्या वर्गवारीत मागा.

प्रश्नकर्ता
‘वाढीवर वाढ’ मागावी का? जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ च्या वस्त्र करारात होती म्हणतात.

उत्तर ३
होती. वाढदरच टप्प्याटप्प्याने १६, २५, २७ टक्क्यांनी वाढायचा: ६ चे ६.९६, मग ८.७, मग ११.०५. पण मुळात १ टक्का असेल तर शेवटी जेमतेम १.८४! म्हणजे सुरुवातीचा दर कमी असेल तर हे कलम नुसतं शोभेचं.

आणखी एक, वाटेतल्या मालाचं कलम घाला. २००५ च्या जूनमध्ये युरोपीय संघ आणि चीन यांच्यात १० वर्गवाऱ्यांसाठी ८ ते १२.५ टक्के वाढ ठरली, पण आधीच ऑर्डर दिलेल्या मालाने कोटे झपाट्याने भरले आणि ऑगस्टमध्ये कपडे युरोपच्या बंदरांत अडकले. मोजणी जहाजात माल चढल्याच्या तारखेवर की आयातीच्या, हेही त्याच कलमात नक्की करा.