आयएसओ कॉपी करूनही पेनड्राइव्ह बूट का होत नाही

आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशन डिस्कची एकाच फाइलमधली हुबेहूब प्रत) पेनड्राइव्हवर कॉपी करूनही संगणक त्यावरून सुरू होत नाही, याचे कारण असे की फर्मवेअर (संगणक सुरू होताच चालणारा त्यातला अंगभूत प्रोग्राम) त्या फाइलच्या आत पाहत नाही. बूटलोडर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करणारा छोटा प्रोग्राम, त्याला थेट ड्राइव्हवरच सापडावा लागतो. बहुतेक लिनक्स आयएसओ हायब्रिड (डिस्क आणि पेनड्राइव्ह दोन्हींवरून बूट होतील अशा) असल्याने डीडी या ड्राइव्हवर थेट लिहिणाऱ्या आज्ञेने जशाच्या तशा लिहिता येतात. विंडोजचे तसे नाही: यूईएफआयला (नव्या संगणकांतील फर्मवेअरला) सहसा फॅट३२ या फाइल-पद्धतीचे विभाजन लागते, त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही आणि 'इन्स्टॉल डॉट विम' ही विंडोजची मुख्य इन्स्टॉलेशन फाइल अनेकदा त्याहून मोठी असते, म्हणून ती तोडावी लागते किंवा रुफससारखे बूट होणारा पेनड्राइव्ह बनवणारे साधन वापरावे लागते. डीडी चालवण्यापूर्वी मात्र ड्राइव्हचे नाव आणि आकार कृपया दोनदा पडताळावा, कारण एक अक्षर चुकले तरी ती आज्ञा काहीही न विचारता हार्डडिस्कवरच लिहू लागते.