माणसं न वाढवता वाढलेलं काम कसं निभवायचं?

अंबडवाला:
नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मशीनिंगचं काम आहे आमचं, मी डिस्पॅच आणि क्वालिटीची कागदपत्रं बघतो, टीममध्ये चौघं. चाकणचा नवीन कस्टमर आला, मशीन वाढल्या, शॉपवर पोरं वाढली पण ऑफिसात आहे तेवढेच. मालक म्हणतात आहे त्यात भागवा. २५ तारीख उलटली की रात्री नऊपर्यंत बसायचं, मग घाईत टेस्ट रिपोर्टवर चुकीचा हीट नंबर (धातूच्या कोणत्या वितळवणीतला माल ते सांगणारा नंबर) जातो, कस्टमरच्या गेटवरून माल परत, आणि तेच काम पुन्हा आमच्या डोक्यावर. टीममधली एक मुलगी फार मन लावून काम करते, ती कंटाळून सोडेल याची खरंच काळजी वाटते. कुणी असं काही सुधारलंय का? नुसतं सॉफ्टवेअर घ्या म्हणू नका प्लीज.

सातपूर_स्टोअर:
भाऊ, आधी आठवडाभर एका वहीत लिहा कोणतं काम कुठून आलं. आमच्याकडे सगळ्यात जास्त फोन "गाडी निघाली का" याचेच होते. आता गेटपास झाला की लगेच इन्व्हॉइस, ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) आणि ड्रायव्हरचा नंबर कस्टमरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, फोन जवळजवळ बंद. हीट नंबरचं म्हणाल तर तो धातूचा बार आत येतानाच मिलच्या टीसीवरून (टेस्ट सर्टिफिकेट) जॉब कार्डवर, म्हणजे त्या कामासोबत फिरणाऱ्या कार्डावर चढवा, शेवटी रिपोर्ट टाइप करताना शोधत बसलं की चूक होणारच.

टॅलीवाली:
ई-वे बिल अजून पोर्टलवर वेगळं टाइप करता का? ५ कोटींच्या वर टर्नओव्हर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) करावंच लागतं, मग टॅलीत, म्हणजे अकाउंटच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्याच वेळी ट्रान्सपोर्टचे डिटेल भरा, ई-वे बिल सोबतच निघतं. तीच माहिती दोनदा भरायची गरजच नाही.

प्लॅनिंग_नाशिक:
एक गोष्ट मालकांना आकड्यात दाखवा. कामं अनियमित येत असतील आणि माणसाचा ८० टक्के वेळ कामाने भरलेला असेल तर साध्या रांगेच्या गणिताने सरासरी ४ कामं त्याच्याकडे अडकलेली असतात, ९० टक्क्यांना ९ आणि ९५ ला १९. द्वारका चौकासारखं आहे, रस्ता गच्च भरला की एक रिक्षा थांबली तरी सगळं ठप्प. म्हणून सगळ्यांना शंभर टक्के भरायचा हट्ट नको आणि महिनाअखेरचा लोंढा फोडा, कस्टमरच्या परचेसशी बोलून आठवड्याचं शेड्यूल ठरवा. आमच्याकडे याच एका गोष्टीने सगळ्यात जास्त फरक पडला.

एचआर_ताई:
वरचं सगळं पटलं, पण एवढं करूनही पोरं नऊपर्यंत बसत असतील तर माणूस लागतोच, तिथे मागे हटू नका दादा. परत आलेल्या मालाचं दोन्ही बाजूचं भाडं आणि पुन्हा तपासणीचा वेळ मांडून पगाराशेजारी ठेवा, मालक आकडा ऐकतात. आणि त्या मुलीशी आत्ताच बोला, राजीनामा आल्यावर बोलून उपयोग नसतो.

अंबडवाला:
मनापासून धन्यवाद सगळ्यांना. वही सोमवारपासून सुरू करतो, तिच्याशी उद्याच बोलतो. फक्त आमचा सप्लायर टीसी दोन-दोन दिवस उशिरा पाठवतो, तेव्हा काय करायचं?

सातपूर_स्टोअर:
टीसी आल्याशिवाय बार मशीनवर चढवायचा नाही, लाल टॅग लावून बाजूला ठेवायचा. आणि परचेसला सांगा, पीओवरच (खरेदीची ऑर्डर) लिहा की टीसी नसेल तर बिल पास होणार नाही.