मदत हवी आहे: सोमवारी नवीन नोकरीवर रुजू व्हायचंय आणि पाळी चुकली आहे

नमस्कार. एरवी मी इथे वाचनमात्र असते. आज धागा काढतेय तोही नव्या आयडीने, कारण वाचून कळेलच.

येत्या सोमवारी नवीन नोकरी सुरू होतेय. रंग आणि कोटिंग बनवणाऱ्या कंपनीची क्वालिटी कंट्रोल लॅब, म्हणजे दिवसभर सॉल्व्हंट्स. जुन्या ठिकाणचा शेवटचा दिवस गेल्या शुक्रवारी झाला, त्यामुळे परतीचे दोर कापलेले आहेत. आणि पाळी आज सहा दिवस पुढे गेली आहे. माझी पाळी २८-२९ दिवसांनी अगदी ठरल्यासारखी येते, असं मी सगळ्यांना सांगत असते. पण मागे ऑडिटच्या धावपळीत ती आठ दिवस लांबली होती, म्हणजे या वेळीही नुसतं टेन्शन असू शकतं. 'झालं तर झालं' अशा बेतात आम्ही होतो हेही खरंच.

या सोमवारी संध्याकाळी घरीच टेस्ट केली. पाच मिनिटांनी एकच रेघ दिसली, कचऱ्यात टाकून दिली. रात्री झोप येईना. दोन तासांनी उठून डब्यातून ती पट्टी काढली, मोबाइलच्या उजेडात धरली, तर दुसरी रेघ! राखाडीसर, असून नसल्यासारखी. तेव्हापासून डोक्याचा भुगा झालाय.

एचआरला आत्ताच सांगायला हवं का? सहा महिन्यांचं प्रोबेशन आहे. न सांगता रुजू झाले तर ती फसवणूक ठरेल, असं सारखं मनात येतंय. शुक्रवारी मेडिकल आहे, त्यात छातीचा एक्स-रे आहे. आणि लॅबमधल्या टोल्युईन-झायलीनसारख्या सॉल्व्हंट्सचं काय? डॉक्टरांची वेळ मंगळवारची मिळाली आहे, म्हणजे रुजू झाल्यानंतरची.

'बाळापुढे नोकरी काय घेऊन बसलीस' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. ते मला न मागता मिळणार आहेत.

पैलतीर: आधी ती रात्रीची रेघ विसर. पाकिटावर दिलेली वेळ उलटून गेली की पट्टी वाळते आणि अशी राखाडी रेघ उमटू शकते. ती धरायची नाही. पण पाच मिनिटांनंतरची एकच रेघही शेवटचा शब्द नाही. पट्टी लघवीतलं एचसीजी (गरोदरपणात तयार होणारं संप्रेरक) शोधते आणि दिवसभर पाणी प्यायलं की संध्याकाळी ते पातळ झालेलं असतं. शिवाय बीजच उशिरा सुटलं असेल तर सगळंच काही दिवस मागे सरकतं. सुरुवातीला एचसीजी साधारण दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होतं, त्यामुळे उद्या सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा कर, टायमर लावून. मंगळवारी रक्ताची बीटा एचसीजी करून घेतलीस की प्रश्न मिटेल.

आणि आजपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड सुरू कर, निकालाची वाट बघू नकोस. दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गरोदर असलीस तर तुझे जवळपास पाच आठवडे भरलेत आणि बाळाची मज्जानलिका (जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात) सहाव्या आठवड्याच्या आसपास बंद होते, फॉलिक अ‍ॅसिड तिच्यासाठीच.

स्पष्टवक्ता१: मी तर सांगून मोकळा झालो असतो. उद्या कंपनीला कळलं तर विश्वास राहील का?

फाइलींची_राणी: सांगायचं काय पण? 'मला कदाचित काहीतरी असेल'? मी बरीच वर्षं एचआरमध्ये आहे. जे तुलाच माहीत नाही ते न सांगणं ही फसवणूक नव्हे. गरोदर असल्याचं नक्की झालं तरी बहुतेक जणी पहिले १२ आठवडे जाऊ देतात, कारण गर्भपात होणार असेल तर तो बहुतेकदा त्याच काळात होतो, आणि नव्या ऑफिसात तेही समजावत बसायची वेळ कुणावर येऊ नये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या १८३ क्रमांकाच्या करारात तर नोकरी देताना गर्भचाचणी मागायलाच मनाई आहे, काही धोक्याच्या कामांचा अपवाद सोडून. पण सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही, तेव्हा तुझ्याकडचा कायदा आणि ऑफर लेटर नीट वाच. विशेषतः रजेसाठी बाळंतपणाआधी किती दिवस काम झालेलं लागतं, ते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात २८० दिवस मिळव, बाळंतपणाची अंदाजे तारीख निघेल.

जे काही कळवशील ते मात्र लेखी कळव. तोंडी बोलणं दोन महिन्यांत कुणालाच आठवत नाही.

बीकरवाली: एचआरचं सोड, माझ्या मते तुझा खरा प्रश्न लॅबचा आहे, आणि तो १२ आठवडे थांबू शकत नाही. मी दोन्ही वेळा गरोदरपणात लॅबमध्येच होते. सगळ्या सॉल्व्हंट्सच्या सेफ्टी डेटा शीट (रसायनाच्या धोक्यांची माहितीपत्रकं) आजच मेल करून मागव. कारण द्यायची गरज नाही, नवीन माणसाने त्या मागणं रास्तच आहे. विभाग २ आणि ११ बघ. एच३६० किंवा एच३६१ हे धोक्याचे कोड दिसले की समज, प्रजननाला किंवा पोटातल्या बाळाला धोका, पहिल्यात सिद्ध झालेला किंवा तसा गृहीत धरलेला, दुसऱ्यात संशयित. टोल्युईनवर एच३६१ असतं. तसल्या बाटल्या फ्यूम हूडबाहेर (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर) उघडायच्या नाहीत. ते निळे नायट्राइलचे हातमोजे टोल्युईनपुढे फार वेळ टिकत नाहीत, त्यांच्या भरवशावर राहू नकोस. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर एचआरला नंतर सांग, पण कंपनीच्या डॉक्टरांना किंवा सेफ्टीवाल्यांना लवकर सांग. गोष्ट तुमच्यातच ठेवा असं बजावून काम बदलून घ्यायचं.

अवांतर: सहाव्या आठवड्यापासून मला झायलीनचा वास दोन खोल्या पलीकडून यायचा. डिटेक्टरची गरजच नव्हती.

डार्करूम: एक्स-रे काढणं हेच माझं काम. छातीच्या फोटोत गर्भाशय झोतात येतच नाही, गर्भापर्यंत पोचतं ते ०.०१ मिलिग्रे (किरणोत्साराच्या मात्रेचं एकक) किंवा त्याहून कमी. काळजी सुरू होते ५० मिलिग्रेच्या पुढे. तेव्हा चुकून निघाला तरी घाबरू नकोस. पण नोकरीसाठीचा फोटो काही तातडीचा नसतो. आम्ही शेवटच्या पाळीची तारीख विचारतोच. खरी तारीख दे आणि 'शक्यता आहे' एवढं म्हण. मेडिकलमध्ये लस देणार असतील तर तिथेही हेच सांग, गोवर-रुबेला किंवा कांजिण्यांसारख्या जिवंत लसी गरोदरपणात देत नाहीत.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. @स्पष्टवक्ता१, राग नाही, मीही आधी तसाच विचार करत होते.

गुरुवारी सकाळी टायमर लावून टेस्ट केली. तीन मिनिटं व्हायच्या आत दुसरी रेघ आली. गुलाबी, पण पुसट. नवऱ्याला आधी दिसेचना, मग खिडकीशी नेऊन दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "सोमवारी जाणारेस ना पण?" जाणार आहे.

आज मेडिकल झालं. डार्करूम यांनी सांगितलं तेवढंच वाक्य म्हटलं. त्या बाईंनी वर न बघता फॉर्मवर काहीतरी खूण केली आणि एक्स-रे पुढे ढकलला. कंपनीच्या डॉक्टरांना मंगळवारनंतर भेटेन, हातात रक्ताचा रिपोर्ट असला की.

डेटा शीटचा मेल बुधवारी रात्रीच केला होता. लॅबच्या साहेबांचं उत्तर आलं, "रुजू व्हायच्या आधी हे मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच." सोबत अठ्ठावीस फायली आहेत. आत्ता सातवी वाचतेय.