जर्मनीचं 'एकीकरण', 'विलीनीकरण' की 'खालसा'?

सदाफुली
एका दिवाळी अंकासाठी प्रशियाचा मुत्सद्दी बिस्मार्क याच्यावरच्या जर्मन लेखाचा अनुवाद करतेय. मी सगळीकडे 'एकीकरण' लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून 'विलीनीकरण' केलं. त्यांचं म्हणणं, वल्लभभाईंनी संस्थानांचं केलं तेच बिस्मार्कने केलं, मग शब्द वेगळा कशाला? मला पटत नाहीये. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य झालं, त्यात सामील झालेल्या बव्हेरियाचा राजा त्यानंतरही राजाच होता. टपाल त्याचं, रेल्वे त्याची, शांततेच्या काळात सैन्यही त्याच्याच हुकमतीत. विलीन झाल्यावर एवढं शिल्लक राहतं का?

गारगोटीकर
नाही राहत. विलीनीकरण म्हणजे काय ते आम्हा कोल्हापूरकरांना विचारा. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात गेलं. आमच्या आजीला कुणाचं लग्न कधी झालं विचारलं की ती साल सांगायची नाही, 'विलीनीकरणाच्या आधी' किंवा 'नंतर' असंच सांगायची. गादी राहिली, तनखा मिळाला, पण कारभार गेला तो गेलाच. सैन्य राखून असलेला राजा विलीन झाला असं कसं म्हणणार? तुमचं 'एकीकरण' ठेवा, संपादकांना ठणकावून सांगा.

मुळाक्षर
'एकीकरण'ही फसवं आहे. सगळे राजीखुशीने एकत्र आले असा त्याचा सूर लागतो. १८६६ मध्ये ऑस्ट्रियाचा साडोव्याला पराभव झाल्यावर प्रशियाने हॅनोव्हर, हेसे-कासेल, नासाऊ आणि फ्रँकफर्ट सरळ घशात घातलं. फ्रँकफर्ट तर स्वतंत्र नगरराज्य. तिथून आधी साठ लाख गुल्डन वसूल केले, वर आणखी अडीच कोटी मागितले. नगराध्यक्ष फेलनर यांनी गळफास घेतला. पहिलीला खंडणी म्हणतात आणि दुसरीलाही खंडणीच म्हणतात. आणि राज्य गेलं त्याला खालसा. आपल्याकडे इतका नेमका शब्द असताना 'एकीकरणा'चं पांघरूण कशाला?

मिरजमळा
'खालसा' मुळात अरबी 'खालिस'वरून, म्हणजे शुद्ध, निर्भेळ. ज्या जमिनीवर मध्ये कुणी जहागीरदार नाही, थेट सरकारची, ती खालसा. साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये डलहौसीने दत्तक नामंजूर करून घेतलं, म्हणून तिथे तो शब्द शोभतो. हॅनोव्हरचा पाचवा जॉर्ज जिवंत होता, त्याला मुलगाही होता. ते जिंकून घेतलेलं राज्य आहे, खालसा केलेलं नव्हे.

मुळाक्षर
पंजाब १८४९ मध्ये लढाईनंतरच घेतला आणि तोही 'खालसा'च लिहिला जातो. दत्तकाची अट तुमच्या मनातली. शिवाय सदाफुलींच्या बव्हेरियाबद्दल: तिथल्या राजाने, लुडविग दुसऱ्याने, प्रशियाच्या राजाला, विल्हेल्मला 'सम्राटपद घ्या' अशी विनंती करणारं पत्र पाठवलं, त्याचा मसुदा बिस्मार्कचा. बदल्यात लुडविगला गुपचूप पैसे मिळत राहिले, ते हॅनोव्हरच्या राजाच्या जप्त संपत्तीतून. एकाचं राज्य बुडवून त्याच पैशाने दुसऱ्याची संमती! याला एकीकरण म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

राईनकाठ
इथे जर्मनीत १८७१ साठी 'राइशस्ग्रुंडुंग' म्हणतात, म्हणजे राइशची, साम्राज्याची स्थापना. 'एकीकरणा'सारखा 'आइनिगुंग'ही चालतो. १९९० ला 'पुन्हा एकत्र येणं' म्हणतात, पण कायद्याच्या भाषेत तो 'बायट्रिट' होता: पूर्व जर्मनी ३ ऑक्टोबरला मूलभूत कायद्याच्या, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या राज्यघटनेच्या, तेव्हाच्या कलम २३ खाली सामील झाली. आपल्या संस्थानांच्या 'सामीलनाम्या'तलं 'सामील'. लाइपझिगची माझी शेजारीण 'एकत्र येणं' हा शब्द चुकूनही वापरत नाही. म्हणते, एकत्र येतात ते दोघे, आम्ही तर त्यांच्यात गेलो.

सदाफुली, लेखात 'जर्मनीचा सम्राट' असेल तर तेवढं बदला. विल्हेल्मला तीच पदवी हवी होती. बिस्मार्क 'जर्मन सम्राट'वर अडून बसला, कारण 'जर्मनीचा' म्हटलं की बव्हेरिया, सॅक्सनीच्या भूमीवरही त्याचा हक्क निघतो. १८ जानेवारी १८७१ ला व्हर्सायच्या आरसेमहालात बाडेनच्या ग्रँड ड्यूकने, म्हणजे विल्हेल्मच्या जावयाने, दोन्ही टाळून 'सम्राट विल्हेल्म' असा जयघोष केला. विल्हेल्म इतका चिडला होता की बिस्मार्कशी हात न मिळवता पुढे गेला. बिस्मार्कनेच आठवणींत लिहून ठेवलंय.

सदाफुली
हे फार मोलाचं. बदलते. 'चान्सलर' मात्र तसंच ठेवू ना?

स्वभाषा
का ठेवायचं? शिवकाळात राज्यव्यवहारकोश तयार करून फारसी शब्दांना संस्कृत शब्द दिले, आणि आपण आज 'चान्सलर' लिहायचं? 'महामात्य' लिहा.

मिरजमळा
त्याच कोशातले किती शब्द टिकले? पेशवाईत पेशवा पेशवाच राहिला. वाचकाला 'चान्सलर' कळतं, 'महामात्य' म्हटलं की डोळ्यांसमोर मौर्यकाळ येतो. 'पंतप्रधान'ही नको, प्रशियाचं ते पद बिस्मार्ककडे १८६२ पासून वेगळं होतंच.

गारगोटीकर
चान्सलरचं मूळ लॅटिन 'कान्चेली', न्यायसभेचा जाळीदार कठडा. त्या कठड्याशी बसणारा लेखनिक तो 'कान्चेलारियुस'. म्हणजे आपला चिटणीसच की! 'चिटणीस बिस्मार्क' म्हणायला काय हरकत आहे?

स्वभाषा
'नवीस' फारसी आहे. आणि शिवरायांचे चिटणीस बाळाजी आवजी पत्रं लिहीत, युद्धं पेटवत नसत.

गारगोटीकर
बिस्मार्कने पत्रावरच पेटवलं! १३ जुलै १८७०, एम्सहून राजाची तार आली. युद्धमंत्री रोन आणि सेनाप्रमुख मोल्टके जेवायला बसलेले, यानं त्यांच्यासमोर तारेतला मजकूर छाटला आणि वर्तमानपत्रांना दिला. १९ तारखेला फ्रान्सने युद्ध जाहीर केलं. ही चिटणिशीच आहे.

मिरजमळा
'छाटला' नका म्हणू. मजकुराचा अर्थच फिरवला, त्याला मोडी वाचणारे 'फेरफार' म्हणतील.

मुळाक्षर
'फेरफार' तलाठ्याच्या दप्तरातला, सातबाऱ्यावरच्या नोंदीचा. इथे 'काटछाट'च बरोबर. बहुतेक शब्द मूळ तारेतलेच आहेत, उरलेले फक्त काढले.