कमी उजेडात व्हिडिओ: ग्रेन, सरकते पट्टे आणि पिवळे चेहरे

खिडकीपाशी:
मिररलेस कॅमेरा, सोबत आलेली ३.५–५.६ ची झूम लेन्स, २५ एफपीएस (सेकंदाला २५ फ्रेम), ८ बिट (रंगांच्या छटा मर्यादित). संध्याकाळी घरातल्या एलईडी दिव्यांत मुलाखत घेतली की सावलीत रंगीत ग्रेन (दाणे) वळवळतो, फ्रेमवर आडवे काळसर पट्टे सरकतात आणि माणूस जरा हलला की पिवळट चेहरा एकदम निळसर होतो. सेटिंग: शटर १/१२५ सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितका उजेड जास्त) एफ/५.६, आयएसओ (चित्राचा उजळपणा वाढवणारं सेटिंग) ६४००, व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या रंगाशी जुळवणं) ऑटो. लॉगमध्ये (रंग नंतर एडिटिंगमध्ये भरायचे असतात त्या फिक्या प्रोफाइलमध्ये) शूट केलं तर रंग सुधारतील का?

अर्धा_स्टॉप:
लॉगचं नंतर बघू. आयएसओलाही इतक्यात हात लावू नका. ग्रेन येतो तो सेन्सरपर्यंत उजेड कमी पोहोचल्यामुळे, आयएसओ वाढवल्यावर तो फक्त उघडा पडतो. तुमचा उजेड दोन ठिकाणी अडतोय.

पहिलं, शटर. २५ एफपीएसला १/५० ठेवा. १/१२५ च्या तुलनेत सुमारे सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उजेड जास्त मिळेल आणि हालचालही डोळ्याला नैसर्गिक वाटेल. पट्ट्यांचं कारणही बहुधा शटरच आहे. ५० हर्ट्‌झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, म्हणून तिथे १/५० किंवा १/१०० चालतं. ६० हर्ट्‌झ असेल तिथे १/६० किंवा १/१२०.

दुसरं, लेन्स. झूम पूर्ण ताणली की अ‍ॅपर्चर ५.६ वर येतं, रुंद टोकाला तेच ३.५ असतं. तेव्हा झूम करण्याऐवजी कॅमेरा पुढे न्या, पण चेहऱ्याच्या फार जवळ नको, नाक मोठं दिसतं. एफ/१.८ ची प्राइम (झूम नसलेली) लेन्स मिळाली तर ५.६ पेक्षा सव्वातीन स्टॉपचा फायदा. शटर आणि लेन्स मिळून साडेचार स्टॉप झाले, म्हणजे आज ६४०० ला येतं तेवढंच एक्स्पोजर आयएसओ ३०० च्या आसपास मिळेल! एवढा फरक कुठलंही नॉइज रिडक्शन (ग्रेन पुसणारी सोय) देणार नाही. पण १.८ ला एक डोळा शार्प आणि दुसरा फोकसमधून सुटलेला, असं होतं. समोर दोन माणसं असतील तर २.८ वर या आणि दिवा जवळ सरकवा. छोट्या दिव्याचं अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो.

करडं_कार्ड:
पट्ट्यांबद्दल एक भर. दिवा डिमरवर असेल तर १/५० करूनही पट्टे राहू शकतात, कारण बरेच एलईडी मंद करताना भराभर चालू-बंद केले जातात. डिमर पूर्ण वाढवा आणि दिवा भिंतीवर किंवा छतावर वळवून उजेड सौम्य करा.

चेहऱ्याचा रंग बदलतो तो ऑटो व्हाइट बॅलन्समुळे. फ्रेममध्ये शर्ट जास्त आला, भिंत जास्त आली, की कॅमेरा नव्याने अंदाज बांधतो. चालू शॉटमध्ये सरकलेला रंग एडिटिंगमध्ये दुरुस्त करणं फार किचकट. म्हणून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या: माणूस बसणार त्याच जागी, चेहऱ्याच्या उंचीवर, मुख्य दिव्याकडे तोंड करून करडं कार्ड धरा, फ्रेम त्याने भरा आणि सेट करा. छपाईचा झगझगीत पांढरा कागद शक्यतो नको, त्यातल्या चमक आणणाऱ्या रसायनांमुळे मोजमाप निळ्याकडे झुकू शकतं.

खिडकीतून दिवसाचा उजेड सुमारे ५६०० केल्व्हिन (उजेडाच्या रंगाचं माप) आणि खोलीतले पिवळे दिवे ३००० च्या आसपास, असं मिश्रण असेल तर कुठलाच आकडा जुळत नाही. एक बाजू निळी, दुसरी नारिंगी. पडदा ओढा किंवा दिवे बंद करा. त्वचा हिरवट दिसली तर केल्व्हिनशी खेळू नका, टिंट (हिरवा-मॅजेंटा तोल) मॅजेंटाकडे एक-दोन घरं सरकवा. स्वस्त एलईडीत हा हिरवटपणा नेहमीचा आहे.

खिडकीपाशी:
आणि लॉग?

अर्धा_स्टॉप:
८ बिटमध्ये आणि इतक्या कमी उजेडात नको. लॉगमध्ये सावल्या वर उचललेल्या असतात, कॉन्ट्रास्ट परत आणताना भिंतीवर रंगांच्या पायऱ्या दिसतात. शिवाय लॉग स्वच्छ यायला सहसा एक-दीड स्टॉप जास्त एक्स्पोजर द्यावं लागतं, आणि तेवढा उजेड तुमच्याकडे नाहीच. न्यूट्रल प्रोफाइल घ्या, कॉन्ट्रास्ट दोन घरं कमी, शार्पनेस सगळ्यात खाली, कारण शार्पनेस ग्रेनलाही धार लावतो. झेब्रा (ठरावीक उजळपणावर स्क्रीनवर दिसणारे तिरके पट्टे) ७० टक्क्यांवर ठेवून उजळ त्वचेच्या कपाळावर जेमतेम दिसेल इतकं एक्स्पोजर द्या, सावळ्या त्वचेला ५० ते ६० पुरे.

करडं_कार्ड:
कॅमेऱ्याला दोन मूळ आयएसओ (ज्यांवर सेन्सर सगळ्यात स्वच्छ चालतो) आहेत का, तेही मॅन्युअलमध्ये बघा. ब्लॅकमॅजिक पॉकेट ४के या कॅमेऱ्यात ते ४०० आणि ३२०० आहेत आणि १२५० पासून दुसरं सर्किट लागतं, त्यामुळे १००० पेक्षा १२५० ला सावल्या स्वच्छ येतात. अशा कॅमेऱ्यात 'आयएसओ जितका कमी तितकं चांगलं' हे गणित चुकतं. कॅमेऱ्यातलं नॉइज रिडक्शन मात्र 'लो' वर ठेवा, 'हाय' ला त्वचा मेणासारखी गुळगुळीत होते आणि तो पोत नंतर परत आणता येत नाही.