एसएई ३० की १०डब्ल्यू-३०?

लॉनमोअरच्या (गवत कापायच्या यंत्राच्या) इंजिनात कोणतं ऑइल भरावं, या प्रश्नावर 'लॉनमोअरला १०डब्ल्यू-३० (थंडीतही पातळ राहणारं ऑइल) भरा, बारमाही चालतं' असं उत्तर मिळालंय. थंडीत ते बरोबरच आहे, पण पारा २७ अंशांच्या वर गेला की एअर-कूल्ड (हवेने थंड होणारं) इंजिन हे ऑइल जास्त खायला लागतं. तिथे सरळ एसएई ३० (एकाच ग्रेडचं ऑइल) बरं. उलट ४ अंशांखाली एसएई ३० इतकं घट्ट होतं की मशीन सुरू करायची दोरी ओढून ओढून हात भरून येतात. हे सगळं फोर-स्ट्रोकचं, म्हणजे ज्यात ऑइल पेट्रोलपासून वेगळं भरतात त्या इंजिनाचं. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये मिसळायचं वेगळं ऑइल लागतं.

आता मापाबद्दल, म्हणजे ऑइल किती भरायचं ते. ढकलायच्या मोअरमध्ये साधारण अर्धा ते पाऊण लिटरच मावतं. जास्त झालं की ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) एअर फिल्टरपर्यंत चढतं, फिल्टर ओला होतो आणि पांढरा धूर येतो. मशीन सपाट जागी ठेवून थोडं थोडं ओता, दर वेळी डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) पुसून बघा. यातल्या बऱ्याच इंजिनांना ऑइल फिल्टरच नसतो, झिजेचा चुरा ऑइलमध्येच फिरत राहतो. म्हणून नव्या मशीनचं पहिलं ऑइल ५ तासांनी बदला, पुढे साधारण दर ५० तासांनी. इंजिन कोमट असतानाच काढा, गाळही सोबत निघून येतो.